पौर्णिमेचे खारट बूझ

"अहो, पाणी... पाणी सांभाळा!"

सोलोंगो ओरडली, पण उशीर झाला होता. दारातून घाईने आत शिरलेल्या तरुणाचा धक्का किटलीला बसला आणि बुद्धासमोरच्या सात वाट्यांसाठी आणलेलं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. बाहेर पाऊल टाकताच बूट गोठले असते, इतका गारठा होता.

"चला, मीच पवित्र झालो," तो म्हणाला.

तो हसला आणि सोलोंगोला तिथेच संशय आला. इतक्या पहाटे कुणी इतकं छान हसतं का?

दार्खान शहराच्या जुन्या वस्तीत दुल्मा आजींच्या बाहेरच्या खोलीत हा मेळा भरायचा. भिक्षू कुणी नाही, सगळी घरसंसारातली माणसं... शिक्षिका, नर्स, बसचा कंडक्टर. पौर्णिमेच्या पहाटे, उजेडात तळहाताच्या रेषा दिसायच्या आत, आठ व्रतं घ्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाळायची. जीव मारायचा नाही, दुपारनंतर जेवायचं नाही, नटायचं नाही, लगटही करायची नाही... आणि खोटं बोलायचं नाही. हे शेवटचं सोलोंगोच्या विशेष आवडीचं. माणूस पारखायचा तर पौर्णिमेलाच, असं तिचं ठाम मत होतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बातार नावाचा एकजण इथेच तिच्या शेजारी बसून माळ ओढायचा. मागणीचा खदग, निळा रेशमी शेला, तिच्या घरी पोचला आणि स्वारी म्हणाली, "आता ठरलंय ना आपलं? मग कशाला गुडघे झिजवायचे?" तिने खदग परत पाठवला. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ती ताकही फुंकून पीत होती. मुलीसाठी इथे येणाऱ्या माणसावर पुन्हा जीव लावायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि किटली सांडणारा हा तामीर तिला आवडायला लागला होता. हीच तर पंचाईत!

"इथे का येता तुम्ही?" त्याच पहिल्या दिवशी, व्रत घेऊन झाल्यावर तिने विचारलं होतं.

त्याने तोंड उघडलं... मिटलं. "आज नको. उद्या विचारा."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर पटकन म्हणाला, "आजींच्या चहासाठी." पुढच्या पौर्णिमेला पुन्हा मौन. म्हणजे खोटं बोलता येतं त्या दिवशी पोपटासारखं उत्तर, आणि खरं बोलायच्या दिवशी दातखीळ! ह्यात काळंबेरं असणारच.

मग कोकरं जन्मायचा हंगाम आला आणि ती दीड महिना मामांच्या कळपावर राहून आली. परतल्यावरच्या पहिल्याच पौर्णिमेला तामीर धापा टाकत उशिरा पोचला. आकाश फिकटलं होतं.

"थांबा. हात दाखवा," तिने त्याचा तळवा ओढून दाराबाहेर धरला. हात गरम होता, पिठाचा वास येत होता.

"बघा हं नीट... आयुष्याची रेषा दिसते का?"

"नाही."

"आणि प्रेमाची?"

"चावटपणा पुरे. व्रत घ्यायचंय आता."

"म्हणून तर आधी उरकून घेतोय!"

तिने हात सोडला. जरा उशिराच सोडला, हे तिलाही कळलं.

व्रत झाल्यावर तिने सरळच विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी येता का?"

त्याचे कान तेवढे लाल झाले.

"समजलं," ती म्हणाली. दुसरा बातार! आता त्याला दुपारी जेवताना रंगेहाथ पकडायचं, म्हणजे विषय कायमचा संपेल.

तामीर बाजाराजवळच्या खानावळीत आचारी होता. दुपारी दोनला सोलोंगो डोक्यावरून रुमाल ओढून कोपऱ्यात बसली. समोर तो वाफेवरचे बूझ, मांसाचं सारण भरलेले मोदकच जणू, उतरवत होता. मांसाचा असा घमघमाट की तिच्याच तोंडाला पाणी सुटलं.

"तामीर!" एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर गरजला. "आज पौर्णिमा ना रे? खारट झालेत!"

"चाखता येत नाही काका, दुपार झाली. अंदाजाने टाकलंय मीठ."

"नववर्षापासून हेच चाललंय! वसंतात तर दोन्ही पौर्णिमांना घसा जाळलास. माझ्या बायकोने पंचांग बघणं सोडलंय. मी घरी जाऊन घटाघटा पाणी प्यायलो की ती दिवा लावते."

सोलोंगोचा कप हातातच राहिला. वसंतातल्या त्या दोन्ही पौर्णिमांना ती मामांकडे होती. इथे दाखवायला कोण होतं त्याला?

"मावशी, रुमाल जरा पुढे ओढा. नाक दिसतंय." तामीर समोर उभा होता.

"मी... मी चहा प्यायला आलेय," म्हणाली आणि जीभ चावली. आज! व्रताच्या दिवशी! "नाही. खोटं बोलले. तुम्हाला खाताना पकडायला आले होते."

तो इतका हसला की काकांनी वळून पाहिलं. मग समोर बसला, हसू ओसरलं.

"सकाळचं उत्तर देतो. तुम्हाला बाजारात पाहिलं होतं, पहिल्या दिवशी तुमच्यासाठीच आलो. खोटं बोलता येईना, आणि खरं सांगितलं असतं तर तुम्ही हाकललं असतं."

"हाकललंच असतं. आणि मी नव्हते तेव्हा?"

"म्हटलं, सुटलो, आता झोपू. पण पहाटे जाग यायचीच. मी फार तापट होतो हो... व्रताच्या दिवशी कुणावर ओरडलो नाही, तर रात्री शांत झोप लागली."

"खरंय," काका मध्येच म्हणाले. "पूर्वी मीठ नीट असायचं, पण बशा उडायच्या."

सोलोंगोला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. किती महिने ती ह्या माणसात चोर शोधत होती!

"आता माझा एक प्रश्न," तो हळूच म्हणाला. "मी... आवडतो का?"

आता तिचे कान लाल झाले.

"समजलं," तो म्हणाला. "उद्या विचारू?"

"नको. उद्याचं काय खरं? 'हो' आजच म्हणते." तिने टेबलावरचा आपला हात मात्र मागे घेतला. "उद्या सूर्य उगवला की आजींच्या दाराशी ये. हात धरायला. आज व्रत आहे."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा नव्हती, व्रतही नव्हतं. तरी काकांनी पहिल्याच घासाला कपाळावर हात मारला. तामीर बुझांत मीठ घालायलाच विसरला होता.