पोटाचं ऑपरेशन आणि बाबांच्या पोटऱ्या

"ऑपरेशन पोटाचं झालं, मग बाबांना चालवताय कशाला?" अकरा वर्षांच्या जुईलीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

लांजेकर सिस्टरांची ही सलग दुसरी पाळी. २०४८ साल उजाडलं तरी पाळ्या काही आखूड झाल्या नव्हत्या. सकाळी जुईलीच्या बाबांचं जठर (अन्न साठवणारी पिशवी) वजन उतरावं म्हणून लहान केलं होतं. संध्याकाळच्या आत त्यांना चालवायचं होतं, आणि ते दोनदा नको म्हणाले होते.

"हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं," सिस्टर खुर्चीचा आधार घेत म्हणाल्या. "ते परत वर कोण चढवतं?"

"हृदयच."

"त्याला एकट्याला झेपत नाही. टाच उचल. पोटरी घट्ट झाली ना? ती शिरा दाबते, रक्त वर सरकतं. शिरांतल्या झडपा (एकाच बाजूला उघडणारे पडदे) ते खाली येऊ देत नाहीत. माणूस पडून राहिला की हा पंप मंदावतो. साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेततं. वजन जास्त असलं की धोकाही जास्त."

जुईलीचे हात कमरेवरून खाली आले. "बाबा, उठा ना!"

टेकू नावाचा यंत्रमानव पुढे झाला. बाबांच्या काखांखालून पट्टा बांधून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "भार एकशे अठ्ठेचाळीस किलो. उचलतो आहे."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी फिसकन हसलं. बाबा पुन्हा उशीला टेकले. "नको सिस्टर. उद्या बघू."

आधीच्या दोन्ही वेळी टेकू हेच बोलला होता. दिवसातून वीसदा ऐकून सिस्टरांच्या कानांना ते जाणवेनासं झालं होतं. आता त्यांच्या लक्षात आलं: बाबा दुखण्याला भीत नव्हते, चारचौघांत वजन पुकारलं जाण्याला लाजत होते.

"टेकू, भार फक्त माझ्या पडद्यावर दाखव."

"मोठ्याने सांगण्याचा नियम आहे."

"नियम भार तपासण्यासाठी आहे. मी तपासला. वरिष्ठांना काय ते मी कळवते."

"उद्यापासून सगळ्यांसाठी असंच करू?"

"आत्तापासून."

टेकूने गुपचूप उचललं. बाबा उभे राहिले आणि त्यांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. जुईली खाली वाकून त्यांच्या पोटऱ्या न्याहाळत होती.

"चालू झाला! बाबांचा पंप चालू झाला!"

सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. बाबाही हसले, टाके सांभाळत, पोटावर हात दाबून.

"चला," ते म्हणाले, "दारापर्यंत जाऊ."