स्वतःचा आवाज

ऑफिसात तिला सगळे तक्तेवाली म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक ग्राहकाला आपापला आलेख आणि आपापला तक्ता दिसावा, हे तिचं काम. आराखडा सगळ्यांना एकच, रिकाम्या जागा ठेवून बेतलेला. ग्राहकाने खातं उघडलं की त्या जागांत त्याचं नाव आणि त्याच्या कानांनी दिवसभर काय ऐकलं ते येऊन बसायचं. माहिती आलीच नाही, तर बाकीच्यांची सरासरी भरून वेळ मारून न्यावी, असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. ती भर मीटिंगमध्ये त्यांना भिडली होती. "नाही तर नाही म्हणा की! दुसऱ्याचा दिवस याच्या गळ्यात का बांधायचा?" शेवटी तिचंच खरं झालं. माहिती नसेल तिथे आलेख कोरा राहायचा.

आलेखात निळा रंग शांततेचा, करडा गोंगाटाचा. टीव्ही-रेडिओ त्यातच जमा. हिरवा रंग दुसऱ्याच्या बोलण्याचा. आणि पिवळी रेघ स्वतःच्या आवाजाची, कारण माणूस बोलला की त्याचं डोकं आतून किंचित थरथरतं आणि यंत्राला ते बरोबर कळतं.

चाचणीसाठी तिने आईचं खातं घेतलं. "घे की," आई म्हणाली, "माझ्या कानांत काय सोनं लपलंय?"

आई गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घरात एकटीच राहायची. थंडीत ती स्वयंपाकघराच्या पायरीवर पडली होती आणि तेव्हापासून तक्तेवालीच्या धाकट्या भावाने तिच्यामागे धोशा लावला होता. त्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. बागेकडे खिडकी असलेली खोली होती आणि ती शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, काळजीने त्याची झोप उडाली होती एवढंच. "ताई, जबरदस्ती मला करायची नाही," तो म्हणायचा. "तिने एकदा स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं, बस."

आई काही हो म्हणत नव्हती. तक्तेवालीही आतून आईच्याच बाजूची होती. ज्या बाईने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, तिने आता का ऐकावं?

आईचा पहिला आलेख उघडला तेव्हा सकाळ निळी होती आणि संध्याकाळही निळी. मधली दुपार मात्र हिरवीगार होती, जेवणं आटोपल्यापासून उन्हं उतरेपर्यंत. कुणीतरी आईशी सतत बोलत होतं. बाजूच्या तक्त्यात लिहिलं होतं: उजवीकडून.

आईकडे दुपारी कुणीही येत नसे.

चूक आपलीच, असं तिने धरलं. रिकाम्या जागी चुकून भलत्याच ग्राहकाची माहिती बसली असणार. तिने यंत्राचे क्रमांक ताडून पाहिले. ऑफिसचा पहारेकरीही यंत्र लावायचा. त्याचं खातं त्याच आराखड्यात घातलं, तर त्याच्या दिवसभराच्या रहदारीचा करडा पट्टा निमूट उमटला. आराखडा चोख होता. दुसऱ्या दिवशीची दुपार पुन्हा हिरवी आली, तिसऱ्या दिवशीची आणखी रुंद. पिवळी रेघ जवळजवळ नव्हतीच. अधूनमधून एक बारीकसं टिंब, एखादा शब्द बोलावा तेवढंच.

तिने सुट्टी टाकली आणि जेवण झाल्यावर आईकडे जाऊन बसली. आई टेबलाशी मटार सोलत होती. तिच्या उजव्या हाताला भिंत होती, इतकी जवळ की मध्ये खुर्ची मावली नसती. नळ थेंब थेंब गळत होता. बाकी काही ऐकू येत नव्हतं.

"नाही," आई एकाएकी म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

"कुणाला म्हणालीस? आलेखात रोज दुपारी कुणीतरी बोलताना दिसतं."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे यंत्रालाही ऐकू येतं तर! बरं झालं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं."

"आई, कोण बोलतं?"

"मला काय माहीत? हे कानात घातल्यापासून बोलतात. आधी असतीलही, पण मी ठार बहिरी. घर सोड म्हणतात. आधी गोडीगुलाबीने, मग दम देऊन. परवा तुझ्या बाबांच्या आवाजात बोलून पाहिलं. मी म्हटलं, नक्कल जमली नाही."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून काय घर देऊन टाकू?"

तक्तेवालीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. यंत्रं काढून ठेव, असं ती म्हणणार होती. पण आईने आधीच ओळखलं. "काढली तर ते काय म्हणतात ते मला कळणार नाही. मग नाही कशाला म्हणू?"

त्या दिवशीच्या आलेखात, मटाराच्या शेंगेपाशी, पिवळं टिंब होतं.

शुक्रवारी ती आईला ऑफिसात घेऊन आली. यंत्रं साफ करायची होती आणि भावाने फोन करून विचारलंच, तर आई समोर असावी हाही हेतू. यंत्रं बॅटऱ्या काढून टेबलावरच्या डबीत ठेवली होती. आई शेजारच्या खुर्चीत मासिक चाळत होती. यंत्राविना ती सहसा बोलायचीच नाही.

तक्तेवालीने सवयीने आईचं खातं उघडलं. दुपार कोरी असायला हवी होती.

दुपार पिवळी होती. टिंब नव्हे, सलग जाड रेघ, आणि ती अजून पुढे सरकत होती.

तिने आईकडे पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते.

फोन वाजला. भाऊ होता, आणि त्याचा आवाज आनंदाने ओला झाला होता. "ताई, झालं गं एकदाचं! आईचा घरून फोन होता. किती वेळ बोलत होती. हो म्हणाली, स्वतःहून."

"अरे, आई इथे माझ्या शेजारी बसलीय."

"काहीतरीच काय? आत्ता तर फोन ठेवला तिने."

आई तिचा चेहरा वाचत होती. तिने फोन ओढून घेतला. "तू काय म्हणतोयस ते मला ऐकू येत नाही," ती मोठ्याने म्हणाली, "पण माझं ऐक. नाही. मी घर सोडणार नाही." आणि फोन परत दिला.



"ताई," भाऊ दुखावल्या आवाजात म्हणाला, "आईची नक्कल करू नकोस. जमत नाहीये तुला."

फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" आईने विचारलं. तक्तेवालीने एका कागदावर लिहून दाखवलं. आईने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग डबी उघडून यंत्रांत बॅटऱ्या घातल्या आणि दोन्ही कानांत बसवली.

"चल घरी. बघतेच माझ्या तोंडाने कोण बोलतंय ते."

"आई, थांब. तिथे नको."

"नाही," आई म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, तिच्या स्वतःच्या आवाजात.

पडद्यावर पिवळ्या रेघेखाली एक बारीक टिंब उमटलं. ते हिरवं होतं, दुसऱ्याच्या बोलण्याचं.