वहिनी पहिल्या वर्षाला

"तुला यातलं काय कळणार गं, वहिनी!"

चिमणी हे सहज बोलून गेली... समोर पसरलेल्या कागदांवरून मानही वर न करता! पण त्या एका वाक्यासरशी स्वयंपाकघर जागच्या जागी थिजलं. सासूबाईंच्या हातातला चमचा भांड्यातच थांबला. खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. भाजी चिरणाऱ्या वहिनीची सुरी मात्र क्षणभरच अडली आणि पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली.

वहिनीचा अपराध तो काय? नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली तिची ही धाकटी नणंद गेला महिनाभर एकाच विवंचनेत होती... पुढे काय? वॉर्डात नोकरी धरावी की ऑपरेशन थिएटरमध्ये जावं? बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घ्यावं, की वस्त्यावस्त्यांतून फिरणारी आरोग्यसेविका व्हावं? की चार वर्षं आणखी शिकून कॉलेजात शिकवावं? लहानपणापासून प्रश्नांचा चिवचिवाट करते म्हणून तर तिचं नाव चिमणी पडलं होतं! वहिनी एवढंच म्हणाली होती, "तुला अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात जायचंय ना, मग आधी एक वर्ष साध्या वॉर्डात काढ. हात बसू दे. मग विशेष शिक्षण जड जात नाही."

त्यावर ते उत्तर आलं होतं.

"बरोबर आहे तुझं," वहिनी हसून म्हणाली, "मला आपलं भाज्यांतलं कळतं. दुधीला विशेष शिक्षण लागत नाही!"

चिमणीही हसली. पण वहिनीच्या अंतःकरणात खोलवर काहीतरी चरचरत गेलं, ते त्या घरात फक्त दोघांनाच उमगलं... बाबांना आणि सासूबाईंना. आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

चौदा वर्षांपूर्वी ही वहिनी नवी नवरी होऊन या घरात आली, तेव्हा नर्सिंगची दोन वर्षं पुरी झालेली होती तिची! एकच वर्ष उरलं होतं. लग्नाआधीच ठरलं होतं, शिक्षण पुरं करायचं. नवरा वीजमंडळात लाइनमन, बोलायला कमी पण शब्दाला पक्का. आणि लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच, तीस वर्षं बस चालवलेले बाबा एका सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि हात उठलाच नाही... उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली! सासूबाई हाय खाऊन बसल्या. सात वर्षांची चिमणी दाराआडून टकामका बघत राहिली. कुणी वहिनीला 'शिक्षण सोड' म्हणालं नाही. कुणाला म्हणावंच लागलं नाही! "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं तीच म्हणाली आणि आपली पुस्तकं एका खोक्यात भरून तिने माहेरी पाठवून दिली.

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, बोटांना व्यायाम द्यायचा, तान्ह्या मुलाला शिकवावं तसे ओठ हलवायला शिकवायचे... अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाच्या पाठीवर एक जखम म्हणून तिने होऊ दिली नाही! अकरा महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटला, तोही "ब्रेक!" त्या दिवशी घर इतकं हसलं, इतकं रडलं, की शेजारीपाजारी धावत आले. पुढे बाबा काठी टेकत चालू लागले, बोलू लागले. पण तोवर चिमणीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, घरातली हजार कामं वहिनीभोवती वेलीसारखी वाढली होती. स्वतःचं मूल झालं नाही, त्याचं दुःख करायलाही चिमणीने तिला सवड ठेवली नाही. आणि त्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. चिमणीच्या कानावर घालू नका, असं वहिनीनेच बजावलं होतं. पोरीने आपल्या हौसेने शिकावं... कुणाचं ऋण फेडायला नको!

त्याच दुपारी चिमणीने प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीसाठी बाबांना रुग्ण केलं. पलंगावर आडवं पाडून ती त्यांना कुशीवर वळवू लागली.

"अगं ए कंडक्टर," बाबा कण्हले, "प्रवाशाला उतरवतेस की ढकलून देतेस?"

"बाबा, रुग्णाने बोलायचं नसतं!"

"रुग्ण जिवंत आहे, एवढं तरी कळू दे तुझ्या परीक्षकांना!"

वहिनी धुतलेल्या चादरी घेऊन आत आली होती. तिने पाहिलं... चिमणीची कंबर वाकलेली, हात चुकीच्या जागी, आणि बाबांचा दुखरा खांदा अंगाखाली दुमडत चाललेला! तिने विचार केलाच नाही. चादरी खुर्चीवर टाकून ती पुढे झाली, बाबांचा एक गुडघा दुमडला, एक तळवा खांद्यामागे, एक कमरेमागे, "बाबा, माझ्याकडे बघा... एक, दोन, तीन," आणि तो सहा फुटी देह पुस्तकाचं पान उलटावं तसा अलगद उलटला. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, चादरीला एक सुरकुती नाही!

चिमणी बघतच राहिली. "वहिनी... हे तू कुठे शिकलीस? आमच्या सिस्टर अगदी असंच करून दाखवतात!"

"घरातच गं," वहिनी म्हणाली आणि भरभर बाहेर निघून गेली.

ती गेल्यावर बाबांनी लेकीचा हात धरून जवळ बसवलं, आणि अडखळत, थांबत, एकेक शब्द जुळवत तिला काय सांगितलं, ते वहिनीला पुढे कळलं. त्या संध्याकाळी तिला दिसलं ते एवढंच, की चिमणी जेवली नाही, डोळे सुजले आहेत, आणि "डोकं दुखतंय" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आहे.

तिसऱ्या दिवशी चिमणीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी सभा होती. पुढच्या वाटांची माहिती द्यायला प्राचार्या स्वतः बोलणार होत्या. घरच्यांनाही बोलावणं होतं. "तू चल," चिमणीने हट्ट धरला. वहिनी गेली. त्या लांब व्हरांड्यातून चालताना फिनाइलचा वास नाकात शिरला... कोपऱ्यावरची सरावाची खोली, लोखंडी पलंगांची ती ओळ, सगळं तिच्या वेळी होतं तसंच होतं! पदराने चेहरा पुसून ती मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

मुलींनी प्रश्न विचारले. प्राचार्या मोकळेपणाने उत्तरं देत होत्या. थिएटरमध्ये उभं राहायची ताकद हवी, मानसिक रुग्णांकडे जायचं तर आधी ऐकून घ्यायला शिका, परदेशाची घाई करू नका, भाषा आणि अनुभव दोन्ही पक्के करा. आणि मग त्या म्हणाल्या, "अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे ज्यांना जायचंय, त्यांनी आधी वर्षभर साध्या वॉर्डात हात बसवावा." वहिनीला मागच्या रांगेत बसून हसू आलं.

तेवढ्यात चिमणी उठली. तिच्या हातातल्या वहीची तीन पानं प्रश्नांनी भरली होती, हे वहिनीला ठाऊक होतं. पण तिने वही मिटली.

"मॅडम, एकच विचारायचंय. दोन वर्षं पुरी करून कुणी शिक्षण सोडलं... चौदा वर्षांपूर्वी... तर तिला परत येता येतं का?"

वहिनीने पदर सावरून दाराकडे पाहिलं!

प्राचार्यांनी चष्मा काढला. "येतं. पण जुनी वर्षं धरता येणार नाहीत, अभ्यासक्रम पार बदललाय. पहिल्या वर्षापासून सुरुवात, निवड परीक्षा, आणि वय पस्तिशीच्या आत हवं. अर्ज शनिवारपर्यंत. कोणासाठी विचारतेस?"

"माझ्या वहिनीसाठी. ती चौतीस वर्षांची आहे. मागच्या रांगेत दाराशी बसलीय... आणि आत्ता पळून जायच्या बेतात आहे!"

सभागृहात हशा पिकला, माना वळल्या. खुर्चीवरून अर्धवट उठलेली वहिनी तशीच खाली बसली. तिचे गाल पेटले होते आणि डोळे... डोळे मात्र काही केल्या ऐकेनात!

घरी येईपर्यंत ती चिमणीच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. उंबरठा ओलांडला आणि बांध फुटला.

"कुणी सांगितलं होतं तुला हा तमाशा करायला? घर कोण बघणार? आईंचे गुडघे, बाबांच्या गोळ्या..."

"मी बघीन!" चिमणी रडत ओरडली. "मी नाही जात बाळांच्या विभागाचं शिकायला परगावी. इथेच नोकरी धरते. तू आमच्यासाठी सोडलंस, आता मी सोडते. झाली फिट्टंफाट!"

"खबरदार!" वहिनीचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. "एका घरात एक त्याग पुष्कळ झाला! पुन्हा हा शब्द काढलास तर कान धरून गाडीत बसवून देईन."

आतापर्यंत भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई एकदम हुंदका देऊन म्हणाल्या, "तिला ओरडू नकोस गं... ओरडायचं तर मला ओरड!"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. कामावरून नुकताच आलेला नवरा दारातच थबकला.

"कॉलेजातून पत्र आलं होतं," सासूबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या. "हे आजारी पडल्यावर वर्षभराने. तुझी जागा राखून ठेवलीय, महिन्याच्या आत ये म्हणून... मी वाचलं आणि फाडून टाकलं! हे अजून उठून बसतही नव्हते गं. तू गेलीस तर हे जातील, एवढंच दिसत होतं मला. तेरा वर्षं रोज ठरवते, आज सांगीन, आज सांगीन... आणि तू समोर चहाचा कप आणून ठेवतेस, मग जीभच उचलत नाही..."

वहिनी मागच्या अंगणात गेली, दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागली, काढता काढता त्याच कपड्यांत तोंड खुपसून ती मनसोक्त रडली. तिची अशी समजूत होती की कॉलेज तिला विसरून गेलं. आपण त्यांच्या आठवणीत राहावं इतक्या चांगल्या नव्हतोच, असं तिने मनाला कितीदा समजावलं होतं! आणि तिची जागा महिनाभर तिची वाट बघत होती... राग आला. खूप आला! पण त्या रागाच्या मागून एक चित्र पुन्हापुन्हा समोर येत होतं: नवऱ्याच्या उशाशी मुकाट बसलेली, जेवण विसरलेली, वाऱ्याने दार वाजलं तरी दचकणारी एक भेदरलेली बाई. त्या बाईला हाताला धरून पहिला घास तिनेच तर भरवला होता.

बऱ्याच वेळाने ती कपड्यांचा ढीग घेऊन आत आली.

"चुकलं तुमचं, आई," ती स्पष्ट म्हणाली. "फार चुकलं. विचारलं असतंत ना, तर मी स्वतः सांगितलं असतं, यंदा नको म्हणून. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

"शिक्षा दे मला," सासूबाईंनी हात जोडले. "देशील ती भोगीन."

"देणारच आहे!" कपडे खाली ठेवून वहिनीने ते जोडलेले हात आपल्या ओंजळीत धरले. "निवड परीक्षा पास झाले, तर तीन वर्षं रोजचा स्वयंपाक तुम्ही करायचा. सक्तमजुरी!"

कोपऱ्यातून बाबांचा करुण आवाज आला, "अगं, गुन्हा हिने केला... मग आम्हाला कसली शिक्षा? हिच्या हातचं आम्हाला खावं लागेल!"

सासूबाई रडता रडता खुदकन हसल्या. चिमणी तर जमिनीवरच बसली पोट धरून! नवरा अजून दारातच होता. तो हळूच पुढे आला, वहिनीने ठेवलेले कपडे आपल्या हातात घेतले आणि घड्या घालता घालता म्हणाला, "भात मला येतो. बाकीचं शिकीन. मीही कधी विचारलं नाही तुला... तेवढी माझी शिक्षा." चौदा वर्षांतलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण होतं.

शनिवारी अर्ज गेला. पुढचा दीड महिना घरात जो अभ्यास झाला, तो काही विचारू नका! चिमणी प्रश्न घालायची, वहिनी उत्तरं द्यायची, आणि चुकलं की बाबा पलंगावरून "ब्रेक!" ओरडायचे. निकालाच्या यादीत वहिनीचं नाव वरून नववं आलं, तेव्हा सासूबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून साऱ्या गल्लीला सांगत फिरल्या. चिमणीला परगावच्या इस्पितळात वॉर्डातली नोकरी लागली... बाळांचा विभाग त्याच आवारात होता. गाडी सुटताना ती वहिनीच्या गळ्यात पडली. "मला काही कळत नव्हतं गं," एवढंच तिला बोलता आलं. वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पोहोचल्यावर फोन कर, आणि आधी जेव," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी वहिनी वर्गात थोडी उशिरा पोहोचली. बाबांचा नाश्ता करपला होता, तो पुन्हा करण्यात वेळ गेला. दार ढकलून ती आत शिरली आणि अठरा-अठरा वर्षांच्या चाळीस मुली खडबडून उभ्या राहिल्या.

"नमस्कार, मॅडम!"

वहिनी दचकली, मग तिला असं हसू फुटलं की आवरेना. "बसा गं बसा! मी मॅडम नाही... तुमच्याच वर्गात आहे."

मुली एकमेकींकडे बघत, तोंडावर हात ठेवत खाली बसल्या. दुसऱ्या बाकावरच्या एका लुकड्या मुलीने आपली पिशवी उचलून जागा करून दिली आणि बिचकत विचारलं, "मग... तुम्हाला ताई म्हणू की काकू?"

"वही आणायची विसरलेय मी," वहिनी तिच्या शेजारी सरकून बसत म्हणाली. "एक कोरं पान देशील, तर काय वाटेल ते म्हण!"

मुलीने वहीच्या मधलं पान अलगद काढून तिच्यासमोर ठेवलं. वहिनीने त्यावर आजची तारीख घातली.