खाजाभाईंची काच

पिंप्राळ्यातल्या आपल्या लॅबमध्ये डॉ. कनीज सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. धुळ्याच्या दवाखान्यात साक्रीकडचे झुलालनाना झिजत चालले होते. हृदयाला जोर देणारी गोळी सुरू होती, तरी पाय सुजतच होते. कनीजला वेगळाच संशय होता. हृदयात चिकट प्रथिन साचलं असेल, तर तीच गोळी नानांचा घात करणार होती.

हृदयाचा तुकडा काढायची सोय इथे कुठली? पण ते प्रथिन पोटाच्या चरबीतही सापडतं. नानांची लेक ताईबाई तीच चरबी बाटलीत घेऊन पहिल्या एसटीने आली होती.

"डॉक्टरबाई, नाना वाचतीन ना?" तिने एकदाच विचारलं आणि बाकावर बसून राहिली.

चरबीवर तपासणीचा रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून त्याच रोगाच्या जुन्या रुग्णाचा एक तुकडाही सोबत रंगवायचा, ही लॅबची रीत. तो तुकडा भुसावळच्या खाजाभाईंचा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

कनीजने घाईघाईने रंगवलेल्या तुकड्याची एक काच सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली सरकवली, प्रकाशाची चकती फिरवली आणि ती आणखी पुढे झुकली. हिरवंगार! कोवळ्या हरभऱ्यासारखं! ते प्रथिन असंच चमकतं. सापडलं एकदाचं!

तो हिरवा रंग उघडझाप करत होता. तीन ठोके, मग खंड. तीन ठोके, मग खंड.

डोळे शिणले असतील म्हणत तिने धुळ्याला फोन लावला. गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा, असं नानांवर उपचार करणाऱ्या डॉ. देवरेंना सांगितलं आणि राहवेना म्हणून नानांची नाडीही विचारली.

"तीन ठोके पडतात, मग एक चुकतो," ते म्हणाले.

रोग सापडला, असं ताईबाईला सांगताना कनीजला हसू आवरत नव्हतं.

मग ती काचा आवरायला बसली आणि पेन्सिलीची खूण वाचली. भिंगाखालची काच खाजाभाईंची होती.

तिने झटकन नानांची काच लावली. तीही हिरवी! निदान चुकलं नव्हतं.

पण ती स्थिर होती.

तिने पुन्हा खाजाभाईंची लावली. तीन ठोके, मग खंड.

आता पुरे, म्हणून तिने भिंगाखालच्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं, तोच फोन वाजला. देवरे होते.

"नाना उठून बसलेत, चहा मागतायत," ते म्हणाले. "फक्त नाडी सापडत नाहीये. छातीतही काही ऐकू येत नाही."

भिंगाखाली ठोके चालूच होते. कनीजने बटणावरचं बोट हळूच मागे घेतलं.