हौदाचं झाकण

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. फक्त कमेंटमध्ये पुरावे मागू नका... वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. हे घडलं ते माझ्याच घरात. संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या जुन्या रो-हाऊसमध्ये, याच वर्षीच्या मे महिन्यात.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

माझं नाव श्रीरंग. चिकलठाण्याला एका कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी छोटे वायरलेस बोर्ड बसवून देतो. आगपेटीएवढा बोर्ड, त्यात बटणासारखा सेल. दिवसभर हा बोर्ड झोपलेला असतो. दार उघडलं, टाकी भरली, की जागा होतो, मोबाईलवर मेसेज टाकतो आणि परत झोपतो. म्हणून तर एक सेल वर्षभर पुरतो.

तसाच एक मी आमच्या हौदाच्या झाकणाला लावला होता.

आमच्याकडे नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून अंगणात, जमिनीखाली पुरुषभर खोल हौद. वर लोखंडी झाकण.

आई गेली आणि तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच नाद लागला. उठायचं आणि हौदापाशी जाऊन उभं राहायचं. गुडघे गेलेले, नजर अधू. चुकून झाकण उघडं राहिलं आणि आत पडले, तर संपलंच. मी कंपनीत, बायको चारुता बँकेत. दिवसभर घरात ते एकटेच.

म्हणून तो बोर्ड. झाकण हललं की मला कळणार.

पहिल्याच आठवड्यात मेसेज आला.

"झाकण उघडलं."

जेवणाची सुट्टी होती. मी घाबरून घरी फोन लावला.

"काय रे?" तात्यांचा आवाज झोपेतला होता. "आत्ताच जरा आडवा झालो व्हतो."

"तात्या, हौद उघडला का तुम्ही?"

"ते झाकण माझ्यानं हलंल व्हय? येडा झाला का तू?"

बरोबरच होतं. ते झाकण मलासुद्धा एकट्याला जड जातं.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. झाकण जागच्या जागी. वरची धूळसुद्धा तशीच.

दुसऱ्या दिवशी परत मेसेज...

मग रोजच. आम्ही दोघं बाहेर पडलो, घर सामसूम झालं, की "झाकण उघडलं." थोड्या वेळानं "झाकण बंद झालं."

मग बोर्डाचा सेल संपला. वर्षभर चालणारा सेल, महिनाही टिकला नाही. नवा घातला. तोही संपला.

सेल असा लवकर संपतो तो बहुतेक एकाच कारणानं. बोर्डाला झोप मिळत नसेल तर.

झोप मलाही नव्हती. सकाळी टँकरमागे पळायचं, दिवसभर नोकरी, संध्याकाळी तात्यांची औषधं, त्यांचं अंथरूण. मी पार मेटाकुटीला आलो होतो. म्हटलं, बोर्डच बिघडलाय, दुसरं काय असणार? तो काढला, सेल बाहेर घेतला आणि बघायला म्हणून कंपनीत घेऊन आलो.

त्या दुपारी बोर्ड माझ्यासमोर टेबलावर होता. डब्याशेजारी. सेलची जागा रिकामी.

आणि त्यावरचा निळा दिवा... लुकलुकला.

मोबाईल वाजला.

"झाकण उघडलं."

घास तोंडातच राहिला. बोर्ड उलटा करून पाहिला. आत खरंच सेल नव्हता.

घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला. कुणी उचलला नाही.

मग समोरच्या साळूबाईंना लावला. "मावशी, पळा! तात्यांना बघा... हौदापाशी!"

त्या फोन हातात घेऊनच धावल्या. मला फाटक वाजलेलं ऐकू आलं. चपलांचा आवाज आला.

मग काहीच नाही...

आणि मग साळूबाईंची किंचाळी.

"अवं तात्या! हात सोडा! सोडा म्हंते ना हात!"

मी घरी कसा पोचलो ते मला आठवत नाही. तात्या पायरीवर बसले होते. साळूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"पालथे पडले व्हते," त्या म्हणाल्या. "खांद्यापर्यंत आत. मी कंबर धरून मागं ओढायले, अन् हे पुढंच जायलेत. असं वाटलं, कुणाचा तरी हात धरलाय यांनी."

मी हौदात वाकून पाहिलं. कित्येक दिवसांत पाणी आलं नव्हतं. तळ कोरडा ठणठणीत होता.

तात्यांची उजवी बाही मात्र कोपरापर्यंत ओली होती. तिला शेवाळाचा वास येत होता.

"कशाला उघडलंत तात्या?"

"म्या नाय उघडलं. उघडंच व्हतं." ते शांतपणे बोलत होते. "तुझी आई आत व्हती. हौद घासायला उतरली व्हती. म्हणली, झालं माझं, घ्या वर."



हौद आटला की आई आत उतरून तो घासायची. अंगानं बारीक होती ना. तात्या वर बसून राहायचे आणि काम झालं की हात देऊन तिला वर घ्यायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मनकर्णाबाई वर आल्याशिवाय तात्या चहाला तोंड लावत नाहीत, म्हणून गल्ली हसायची.

"मी हात दिला," तात्या म्हणाले. "पण लई जड लागली रे. वर येईचना."

तो मेसेज कुणी पाठवला? आईनं पाठवला असेल, तर आत तात्यांचा हात कुणी धरला होता? आणि आत आईच असेल, तर मला सावध कुणी केलं? विचार करून करून डोकं शिणलंय.

हौद बुजवायला माणूस बोलावला, तर तात्या उन्हात झाकणावर जाऊन बसले. हलायलाच तयार नाहीत. शेवटी तो माणूस निघून गेला. मी झाकणाला कुलूप लावलं. पण जे झाकण माझ्याच्यानं एकट्यानं उचलवत नाही ते रोज उघडत होतं, तिथं कुलुपाचा काय भरवसा?

सध्या रजा टाकून घरी बसलोय. सोमवारी रजा संपतेय.

दुपारी जेवण झालं की तात्या मला विचारतात, "आज कामावर नाय जायचं का तुला?"

"नाही तात्या."

ते अंगणाकडे बघतात. मग हळूच, अजिजीनं म्हणतात,

"जा की रे बाळा... तू घरात असला की ती हाक देत नाय."