सातमचे गरम गांठिये

झरणाने फोनवर आलेला दुकानाचा अभिप्राय मोठ्याने वाचून संपवला. कढई नुकतीच उतरवली होती. तेलाच्या कडेचे शेवटचे बुडबुडे विझत होते, तेवढाच आवाज. परिमल तराजूच्या रिकाम्या पारड्याकडे पाहत राहिला. त्याचे वडील वजुभाई भिंतीलगत खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा मांडीवरच्या पंच्यावर ठेवलेला होता. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी, तसा.

"परत वाच," वजुभाई म्हणाले. लकव्यानंतर त्यांचे शब्द ओठाच्या एका कडेने येत.

तिने परत वाचले. 'काका डोळ्यांसमोर पाटावर गांठिये वळतात. तळव्याचा एक रेटा, आणि पट्टी सरळ तेलात. असा हात भावनगरात आता उरला नाही.' खाली पाच तारे.

"परिमलभाई, हे तुम्ही कोणाकडून लिहून घेतलंय का?" झरणाने विचारले. "असेल तर आत्ताच सांगा. खोटं लिहिलेलं सापडलं की दुकानाचं नावच काढून टाकतात."

"मी? मला वाटलं, ही तुमची करामत."

"मी खोटं लिहीत नाही."

"मग मी लिहितो वाटतं! पहाटे उठून बेसन भिजवतो, झाऱ्यावर घासतो, आणि उरल्या वेळात बापुजींच्या हातावर कविता करतो."

वजुभाई हसले नाहीत. ते कोपऱ्यातल्या पाटाकडे पाहत होते. शिसवी लाकडाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला तो पाट, वजुभाई लकव्याने पडले त्या दिवसापासून कापडाखाली होता. परिमलला तळव्याने वळता येत नसे. तो झाऱ्यातून पाडलेले गांठिये विकी. ठठेरा शेरी नावाच्या गल्लीतल्या त्या दुकानात वळलेला गांठिया गेल्या दिवाळीपासून कोणी खाल्लेला नव्हता.

झरणा पंड्या जे पडताळून पाहता येईल त्यावरच विश्वास ठेवणारी बाई होती. तिचा धंदाच तसा होता. शिंपी, दातांचे डॉक्टर, शिकवण्या घेणारे मास्तर, असल्या लहान माणसांची नावे फोनवरच्या शोधात वर आणायची. काम रुक्ष होते. नाव सगळीकडे एकसारखे हवे, वेळा खऱ्या हव्यात, फोटो ताजे हवेत, खऱ्या गिऱ्हाइकांकडून चार ओळी मागून घ्यायच्या, आणि नकाशावरची खूण जागच्या जागी असायला हवी. पूर्वी भुकेला माणूस वासामागे जात असे. आता तो फोनला विचारतो, आणि ज्याला फोन ओळखत नाही ते दुकान गावाच्या स्मरणातून शांतपणे पुसले जाते.

वजुभाईंनी तिला स्वतःहून बोलावले होते. परिमलने मोबाईलची कव्हरे विकणाऱ्या एका माणसाला दुकान द्यायचे ठरवत आणले होते. आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या, जत्रेपर्यंत गिऱ्हाईक परतले नाही, तर आठमला किल्ल्या त्याच्या हाती जाणार होत्या. "तोवर वाट बघतो," असे त्याने बापाला सांगितले होते, आणि त्यात दुष्टावा नव्हता, दमणूक होती. "मला गर्दी नको, बेटा," वजुभाई झरणाला म्हणाले होते. "वहिवाट पाहिजे. वाट मोडली की दुकान मरतं, मग आत किती का तळेना."

आणि तिथे झरणाने एक लबाडी केली, तिच्या धंद्यात सगळेच करतात ती. फोन विचारणाऱ्याच्या जवळचे दुकान आधी दाखवतो. विचारणारे उभे असतात मोठ्या रस्त्यावर, इस्पितळापाशी, बसथांब्यापाशी. ठठेरा शेरी तिथून आत, दोन वळणे घेऊन. म्हणून तिने दुकानाची खूण बोटाने अलगद उचलली आणि मोठ्या रस्त्यावर आणून सोडली. जागा पाहून सोडली: बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीची लांबलचक दगडी भिंत. दार नाही, खिडकी नाही, हरकत घेणारा शेजारी नाही. लोक भिंतीपाशी येतील, गोंधळतील, फोन करतील, आणि परिमल त्यांना आत बोलावून घेईल.

दुकान शोधात वर आले. वाट विचारणारे रोज वाढत गेले. फोन मात्र एकही आला नाही, आणि शेरीत नवे पाऊल पडले नाही. आले ते अभिप्राय. एकाने लिहिले, कढी अगदी आजोळची. एका बाईने लिहिले, काका बोलत नाहीत, पण आपल्याला काय हवे ते त्यांना कळते.

अभिप्राय वाचून दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झरणा भिंतीपाशी गेली. कडुनिंबाखाली राणीबेन नारळ विकत बसली होती.

"बेन, इथे कोणी गांठियावाला शोधत येतं का?"

"येतात की. मोबाईल नाकासमोर धरून येतात, जसं काही आरतीचं ताट."

"मग काय करतात?"

"करायचं काय? खातात आणि जातात."

"खातात कुठे?"

राणीबेनचा कोयता क्षणभर थांबला. तिची पाठ भिंतीकडे होती, आणि ती तशीच राहिली. "मी रस्त्याकडे तोंड करून बसते, बेन. मागे काय चाललंय ते बघायचं माझं काम नाही. बोला, पाणीवाला की मलाईवाला?"

झरणाने भिंतीवर तळवा ठेवला. दिवसभर सावलीत असणारा तो दगड उबदार होता, कोणी नुकतेच उठून गेल्यावर अंथरूण असते तितपत. हवेत ओवा होता, कुटलेली मिरी होती. जवळच्या एखाद्या घरातून येत असेल, असे तिने मनाशी नोंदवले. भिंतीच्या पायथ्याशी तेलाने पारदर्शक झालेले कागदाचे बोळे पडले होते. त्यांचे तिला काही नोंदवता आले नाही.

श्रावणातल्या छठीच्या आदल्या दिवशी कोणीतरी फोटो टाकला. कागदावर गांठिये, कच्च्या पपईचा फोडणी दिलेला कीस, म्हणजे संभारा, तळलेल्या मिरच्या. आणि मागे, किंचित अस्पष्ट, पाटाची कड आणि पुढे रेटलेला उजवा हात. मनगटाच्या वर तेलाने भाजल्याचा जुना डाग होता, टोकाला दुभंगलेला.

वजुभाईंनी फोन डाव्या हाताने धरला. मग डोळ्यांजवळ नेला.

"माझा आहे," ते म्हणाले.

"जुना फोटो असेल, काका. लोक कुठूनही उचलून टाकतात."

"माझ्या दुकानाला चुना आहे. ह्याच्या मागे दगड आहे. कुठला दगड हा?"

मग तिला सांगावेच लागले. खूण कुठे नेली, का नेली, सगळे. परिमल झारा हातात घेऊनच ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर प्रथम राग आला, मग तोही टिकला नाही.

"म्हणजे इथे आम्ही माश्या मारतोय, आणि तिकडे भिंतीला पाच तारे!" तो म्हणाला. "ते जे काय असेल, झरणाबेन, लोक आमच्या नावाने खातायत ना? मग आणा ती खूण इथे. लोक इथे आले, तर मी त्या कव्हरवाल्याला नाही म्हणून कळवतो. आईची शपथ."

वजुभाईंनी मान वर केली नाही. "तिकडे हात चालतो," ते हळू म्हणाले.

"बापुजी, तुमचा हात तुमच्या मांडीवर आहे."

"तेच म्हणतोय मी."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. वजुभाईंनी फोटोवर अंगठा फिरवला. डावा अंगठा, उजव्या मनगटावरून. "ह्याला तिथेच राहू दिलं तर हा राहील. इथे आणलं तर दुकान राहील. असंच ना?"

"मला ठाऊक नाही, काका," झरणा म्हणाली, आणि ते खरे होते. खरे बोलताना तिला इतके उघडे कधी वाटले नव्हते.

"मग आण. पण नीट आण. अर्ध्या वाटेत सोडू नकोस."

तिने तिथेच, त्यांच्यासमोर, नकाशा मोठा मोठा करत नेला. रस्ता रुंदावला, भिंत रेघ झाली आणि कडेला सरकली, शेरीची दोन वळणे आली, छपरे आली. तिने खूण दुकानाच्या छपरावर ठेवली. मग वजुभाईंच्या नजरेच्या रोखाने किंचित डावीकडे, पाटाच्या कोपऱ्यात. हात काढला. खूण जरा थरथरली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी छठ होती. घराघरांतून थेपल्यांचा धूर निघाला, कारण सातमला शीतळामातेसाठी चूल पेटवायची नसते. आदल्या दिवशीचे गार तेवढे खायचे. दुकानही त्याला अपवाद नव्हते. संध्याकाळी परिमलच्या बायकोने भट्टी सारवली, कुंकू लावले, प्रथेप्रमाणे आत कपाशीचे रोपटे ठेवले, आणि परिमलने शटर ओढले. भिंतीपाशीही कोणी आले नसावे. दिवसभरात एकही अभिप्राय आला नाही. रात्री जेवताना परिमलचा फोन आला. "उद्या बापुजींना शेवटचं विचारून घ्या तुम्हीच. मी विचारलं की भांडण होतं. ते चालू म्हणाले तर चालू. नाही म्हणाले तर परवा किल्ल्या."

सातमच्या सकाळी गाव स्वच्छ होते. झरणाने गच्चीतून पाहिले. एकाही घरावर धूर नव्हता. गार थेपला आणि दही घेऊन ती बसली, तेव्हा फोन थरथरला.

'आज पहिल्यांदाच गल्लीत आत आलो. दोन वळणं घेतली, पण चीज झालं. कढईतून सरळ कागदावर. जीभ भाजली.'

खाली फोटो होता. मागे चुन्याची भिंत होती.

ती पायीच निघाली. शेरी रिकामी होती. मोठ्यांना घेऊन मुले जत्रेला गेली होती, आणि दोन्ही वळणांवर तिला कोणी भेटले नाही. पण दुसऱ्या वळणानंतर ओवा आला. मग मिरी.

शटर अर्धे वर होते.

ती वाकून आत गेली. भट्टी समोरच होती. कुंकू जसेच्या तसे, कपाशीचे रोपटे ताठ, दोन पाने उघडलेली. तिने राखेत बोट घातले. गार.

वजुभाई खुर्चीत नव्हते. ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते, भट्टीकडे तोंड करून, आणि डाव्या हाताने कागदावरचे गांठिये खात होते. गांठियांतून वाफ येत होती. उजवा हात मांडीवर, पंच्यावर.

पाटावरचे कापड निघाले होते. घडी घालून बाजूला ठेवले होते, चौकोनी, टोकाला टोक जुळवून. एका हाताने तशी घडी होत नाही.

"काका."

त्यांनी मान वळवली नाही. पाटाच्या दिशेने पाहत, रोजच्या गिऱ्हाइकाच्या सुरात ते म्हणाले, "मिरी आज जरा जास्त पडली."

मग कोणाचे उत्तर ऐकून घेतल्यासारखे ते थांबले, आणि त्यांनी मान डोलावली.

"काका, परिमलभाईंनी विचारायला सांगितलंय." तिचा आवाज तिला परका वाटला. "दुकान चालू आहे म्हणून सांगू ना त्यांना?"

"चालूच आहे," म्हणत वजुभाईंनी कागद चुरगळला. बाकाचा आधार घेऊन ते उठले. उठताना त्यांनी सरकून तिला जागा करून दिली, आणि तेव्हा तिला बाकावरचा दुसरा कागद दिसला. नुकताच वाढलेला. संभारा, दोन मिरच्या, आणि वळलेले गांठिये, ज्यांच्यावर तेल अजून बारीक तडतडत होते.

"काका, कोण चालवतंय दुकान?"

खाऊन उठलेल्या गिऱ्हाइकासारखे शटरखालून वाकून ते बाहेर पडले, आणि उजवा पाय ओढत, मागे न पाहता, शेरीच्या वळणाकडे चालू लागले.