तुळसाचा रोज

कल्याणच्या भातगिरणीत पौषातल्या एका सकाळी तुळसाची तुसाची पाटी भट्टीवरच्या राघोच्या अंगावर सांडली. डोक्यापासून पायापर्यंत तूस... तो रागावला नाही. "रोज अशीच आंघोळ घालणार का?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून तुळसा आपणहून भट्टीकडची पाटी उचलू लागली.

त्याच दिवसांत इंग्रज सरकारचा नवा कायदा लागू झाला. पन्नासच्या वर माणसं असलेल्या गिरणीत बायकांना अकरा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, आठवड्याला एक सुट्टी द्यायची. गिरणीचे शेट म्हणाले, तास घटले तर मजुरीचा रोजही घटणार. मग बोलणी करायला बायकांनी शेवंतीला पुढे केलं, पुरुषांनी राघोला. दोघं चिंचेखाली बसून खलबतं करू लागली. शेवंती हसायची, राघो मान डोलवायचा. पाटी तुळसा आता मुद्दाम आदळून ठेवायची.

एका दुपारी शेटनी तिला बाजूला घेतलं. चार-सहा बायका कमी केल्या की माणसं पन्नासच्या आत येतात, मग कायदा लागत नाही, असं त्यांनी गोड आवाजात समजावलं. पहिली जाईल ती शेवंती. तुळसाची जागा राहील, फक्त तिनं उद्या सर्वांसमोर कमी रोज कबूल करायचा, म्हणजे बाकीच्या वाकतील.

शेवंती जाईल... रात्रभर तुळसाला तेच गोड वाटत राहिलं.

सकाळी अंगणात शेटनी तिचं नाव घेतलं. तिनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीचं तान्हं पदराखाली पीत होतं. तुळसाचा राग काही गेला नाही, पण शब्द वेगळेच आले.

"रोज तोच पाहिजे. आणि एकीलाही काढायचं नाही."

ती खाली बसली. मग सगळ्या बसल्या. राघोनं भट्टीत तूस टाकायचं थांबवलं, तशी गिरणी बंद पडली. खळ्यांतून भाताच्या गाड्या येतच होत्या. दुपारपर्यंत शेट नमले — रोज तोच, कुणाला काढणार नाहीत, सुट्टी मात्र बिनपगारी.

फाटकाशी राघो आडवा आला. "शेट काल एवढं गोड काय बोलत होते तुझ्याशी?"

"तुला रे काय त्याचं?"

"झोप नाही लागली मला."

तुळसाला इतकं बरं वाटलं, की ती मुद्दाम सावकाश चालू लागली.

"चिंचेखाली शेवंतीवहिनीला म्हणत होतो, माझ्यासाठी तुळसाच्या घरी मागणी घाल," तो तुसानं माखलेले हात चोळत म्हणाला. "ती म्हणते, तुझं तू बोल..."

तुळसानं पदर सावरला.

"रविवारी सुट्टी आहे," ती म्हणाली. "आबा घरीच असतात. आंघोळ करून ये."